एका खिडकीशी बसलेले लोक : जपानला शिकून आलेल्यांच्या संघांची गोष्ट

माजी विद्यार्थी संघाला जपानी भाषेत 'दोसोकाई' म्हणतात. 'दो' म्हणजे तीच, 'सो' म्हणजे खिडकी आणि 'काई' म्हणजे मंडळ. एकाच खिडकीशी बसून शिकलेल्यांचे मंडळ, असा त्याचा सरळ अर्थ. आम्ही शाळेत शिकवणारी माणसे, त्यामुळे हा अर्थ कळल्यापासून वर्गातल्या खिडकीकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो.

आपल्याकडे माजी विद्यार्थ्यांचा मेळावा म्हटला की काय असते ते सर्वांना माहीत आहे. तिलावत होते, जुन्या उस्तादांना शाल आणि गुलदस्ता दिला जातो, दोन भाषणे, बिर्याणी, फोटो. मग वॉट्सअॅप ग्रुप निघतो. महिनाभर त्यावर सलाम-दुआ चालते, नंतर फक्त जुम्मा मुबारकची चित्रे. यात वाईट काही नाही. जुने दोस्त भेटतात हीसुद्धा नेमतच आहे. पण थायलंड आणि इंडोनेशिया या दोन देशांत जपानला शिकून परतलेल्यांच्या पुढाकाराने एक तंत्रशिक्षण संस्था आणि एक विद्यापीठ उभे राहिले, आणि ती दोन्ही आजही चालू आहेत. हे कसे घडले, पैसा कुठून आला आणि लगाम कोणाच्या हातात राहिला, हे समजून घेण्यासारखे आहे. या गोष्टीची सुरुवात मात्र शिक्षणापासून होत नाही. ती युद्धापासून होते.

हिरोशिमाच्या वर्गातली मलायी मुले

दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया, इंडोनेशिया, फिलिपीन्स, ब्रह्मदेश, बोर्निओ असा मोठा मुलूख ताब्यात घेतला. तो चालवायचा तर आपल्या विचारांचे स्थानिक अधिकारी हवेत, म्हणून जपान सरकारने १९४३ आणि १९४४ अशा दोन वर्षांत या भागातली सुमारे दोनशे तरुण मुले निवडून जपानला नेली. 'दक्षिणेकडचे विशेष विद्यार्थी' असे त्यांना म्हणत. बरीचशी मुले सरदार, अधिकारी, शिकलेल्या घराण्यांतली होती. हेतू उघड होता. ही काही खैरात नव्हती, एका साम्राज्याने स्वतःसाठी केलेली पेरणी होती.

टोकियोत भाषा शिकून झाल्यावर मुलांना वेगवेगळ्या शहरांत पाठवले गेले. काही जण हिरोशिमाला गेले. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी अणुबॉम्ब पडला तेव्हा मलाया, इंडोनेशिया आणि ब्रुनेईचे हे विद्यार्थी त्या शहरात होते. पेनांगचा अब्दुल रझाक त्या वेळी विद्यापीठात वर्गात बसलेला होता. इमारत कोसळली, तो वाचला. वाचलेल्या परदेशी मुलांनी पुढचे काही दिवस विद्यापीठाच्या मैदानात उघड्यावर काढले आणि आसपासच्या जखमी जपानी शेजाऱ्यांना जमेल तसे सांभाळले.

मलायाची दोन मुले मात्र गेली. निक युसूफ हिरोशिमातच गेला. सय्यद ओमर जगला असे वाटत होते. टोकियोकडे जाताना वाटेत तो आजारी पडला आणि ३ सप्टेंबर १९४५ रोजी क्योतोच्या रुग्णालयात त्याचा इंतकाल झाला. वय अवघे एकोणीस. त्याची कबर क्योतोच्या एन्कोजी या बौद्ध देवळाच्या आवारात आहे, तर निक युसूफची हिरोशिमातल्या कोझेनजी देवळात. ज्या देशात जवळजवळ प्रत्येक मय्यतीला अग्नी दिला जातो, तिथे देवळाच्या आवारातल्या या दोन मुस्लिम मुलांच्या कबरींना आजही मलेशियातून माणसे भेट देऊन फातिहा पढतात.

वाचलेल्यांचे पुढे काय झाले तेही पाहा. ब्रुनेईचे पेंगिरान युसूफ १९६७ ते १९७२ या काळात आपल्या देशाचे मुख्यमंत्री झाले. ब्रुनेईच्या राष्ट्रगीताचे शब्द त्यांचेच आहेत. इंडोनेशियाचे अरिफिन बेय प्राध्यापक झाले. हसन रहाया यांना २०१३ मध्ये हिरोशिमा विद्यापीठाने सन्मानाची डॉक्टरेट दिली, पेंगिरान युसूफ यांनाही दिली. आणि अब्दुल रझाक? ते आपल्या जमातीचे, म्हणजे शिक्षक झाले. ज्या शहरात आपल्यावर छत कोसळले, त्या देशाची भाषा त्यांनी मलेशियातल्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवली. 'डेबू हिरोशिमा', म्हणजे हिरोशिमाची धूळ, या नावाचे पुस्तक त्यांच्या आठवणींवर आहे. २०१३ मध्ये ८८ व्या वर्षी ते गेले.

आम्हाला या ठिकाणी थांबावेसे वाटते. या लोकांनी जपानचा राग धरला असता तर कोणी त्यांना दोष दिला नसता. आणि जपानची नुसती तारीफ केली असती, तर त्यांच्याच देशबांधवांनी त्यांना गद्दार म्हटले असते. जपानी फौजांनी या सगळ्या देशांत काय केले होते ते घराघरांत ठाऊक होते. जपानी बोलता येणे ही तेव्हा मिरवायची गोष्ट नव्हती. युद्धानंतर परतलेल्या या पिढीला एकमेकांची गरज होती ती या अवघडलेपणामुळे. आपण जे पाहिले ते दुसऱ्या कोणाला सांगून कळणार नाही, हे त्यांना माहीत होते. असे लोक एकत्र बसू लागतात तेव्हा त्यातून संघ तयार होतो.

भरपाईच्या पैशावर शिकलेली पिढी

थायलंडमध्ये असा संघ १९५१ मध्येच निघाला. 'ओल्ड जपान स्टुडंट्स असोसिएशन' हे त्याचे नाव. इंडोनेशियात १९६३ मध्ये 'पर्सादा' स्थापन झाली. 'परहिम्पुनान अलुमनी दारी जेपांग' म्हणजे जपानहून आलेल्या माजी विद्यार्थ्यांचा संघ, त्याचे हे छोटे रूप. सिंगापूरच्या पदवीधरांनी १९७० मध्ये आपला संघ काढला. मलेशिया आणि फिलिपीन्समध्येही असे संघ उभे राहिले.

तोवर विद्यार्थ्यांची दुसरी पिढी तयार झाली होती. जपान सरकारने १९५४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती द्यायला सुरुवात केली. इंडोनेशियाचे प्रकरण त्याहून निराळे. १९५८ च्या करारानुसार जपानने इंडोनेशियाला युद्धाची नुकसानभरपाई द्यायचे ठरले. त्या रकमेतून धरणे, हॉटेले, जहाजे झाली, आणि १९६० ते १९६५ या वर्षांत तीनशेहून अधिक तरुण जपानला शिकायलाही गेले. युद्धाच्या भरपाईतून मुलांची फी भरणे, ही कल्पना ज्याला सुचली त्याला आमचा सलाम. इमारत पन्नास वर्षांनी पाडावी लागते, शिकलेला माणूस मात्र पुढच्या पिढीला शिकवून जातो.

या भरपाईवाल्यांतले एक गिनांजार कार्तासास्मिता. टोकियोच्या कृषी आणि तंत्रज्ञान विद्यापीठातून ते १९६५ मध्ये पदवी घेऊन परतले, पुढे खाण व ऊर्जा मंत्री आणि नंतर अर्थखात्यांचे समन्वय मंत्री झाले. पर्सादाचे ते मोठे आधारस्तंभ. अलीकडच्या काळात पर्सादाची धुरा राहमत गोबेल यांच्याकडे आली. तेही टोकियोच्या चुओ विद्यापीठाचे पदवीधर आणि इंडोनेशियाचे माजी व्यापारमंत्री. म्हणजे हा संघ वजनदार माणसांचा, हे कबूल करायला हवे. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेच्या संघाशी त्याची बरोबरी थेट होत नाही.

रस्त्यावर राग, आणि त्यातून निघालेला मार्ग

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिणपूर्व आशियाच्या बाजारात जिकडेतिकडे जपानी माल दिसू लागला. रेडिओ जपानी, मोटारसायकल जपानी, कारखान्याचा साहेब जपानी. 'पूर्वी बंदूक घेऊन आले, आता पैसा घेऊन आले', अशी लोकांची भावना झाली. नोव्हेंबर १९७२ मध्ये थायलंडच्या विद्यार्थ्यांनी जपानी मालावर बहिष्काराची मोहीम काढली. जानेवारी १९७४ मध्ये जपानचे पंतप्रधान तनाका दौऱ्यावर आले तेव्हा बँकॉकमध्ये निदर्शने झाली, आणि जकार्तात तर दंगल उसळली. जपानी गाड्या जाळल्या गेल्या, ११ माणसे मेली. तनाकांना पाहुण्यांच्या महालातून हेलिकॉप्टरने विमानतळावर न्यावे लागले.

अशा वेळी जपानला शिकून आलेल्यांची काय पंचाईत झाली असेल, विचार करा. देशातली मुले म्हणणार, तुम्ही जपानचे दलाल. जपानी कंपन्या म्हणणार, तुम्ही आमची बाजू का घेत नाही.

थाई माजी विद्यार्थ्यांनी यातून जो रस्ता काढला तो आम्हाला या सगळ्या गोष्टीतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत की खुलासे केले नाहीत. त्यांचे म्हणणे असे होते की जपानी माल आपल्याकडे येतो, कारखाने येतात, पण ज्ञान येत नाही. यंत्र बिघडले की जपानी माणूस येऊन दुरुस्त करतो आणि परत जातो. तेव्हा आपल्याला माल नको असेल तर आधी त्यामागचे तंत्र आपल्या भाषेत आले पाहिजे. बहिष्काराच्या मोहिमेनंतर दोनच महिन्यांनी, २४ जानेवारी १९७३ रोजी, त्यांनी बँकॉकमध्ये 'टेक्नॉलॉजी प्रमोशन असोसिएशन (थायलंड-जपान)' ही संस्था काढली. पुढाकार होता सोम्माई हुन्त्रकूल यांचा. ते जपानच्या केओ विद्यापीठात शिकलेले, नंतर थायलंडचे अर्थमंत्री झाले.

आता पैशाचा प्रश्न. पैसा जपानहूनच यायचा होता, आणि तिथेच घोटाळा व्हायची शक्यता होती. तो झाला नाही याचे श्रेय एका जपानी माणसाला द्यावे लागते. त्यांचे नाव गोइची होझुमी. आशियाई विद्यार्थ्यांची जपानमध्ये राहण्याची परवड होते हे पाहून त्यांनी १९५७ मध्ये एक संस्था काढली, १९६० मध्ये टोकियोत 'आशिया बुन्का काईकान' नावाचे वसतिगृह उभे केले. परदेशी तंत्रज्ञांना जपानी कारखान्यांत प्रशिक्षण देणारी 'एओटीएस' ही संस्थाही १९५९ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली. आशियाभरातली मुले त्यांच्या हॉस्टेलमध्ये राहून गेली होती. ज्याने कधी परगावी हॉस्टेलमध्ये दिवस काढलेत त्याला माहीत आहे, आपल्या जेवणाखाण्याची, तापाची चौकशी करणारा एक माणूस भेटला तर जन्मभर विसरत नाही.

होझुमींनी जपानमध्ये थायलंडशी सहकार्यासाठी वेगळी संस्था काढली आणि तिच्यामार्फत जपान सरकारचे व कंपन्यांचे पैसे बँकॉकला जाऊ लागले. पण तत्त्व एकच ठेवले: पैसा द्यायचा, तोंड घालायचे नाही. संस्थेचा कारभार थाई लोकांनीच करायचा. काय शिकवायचे, कोणाला नेमायचे, हे त्यांनी ठरवायचे. देणगी देणारा माणूस इमारतीवर आपले नाव, कमिटीत आपला भाचा आणि उद्घाटनाला आपला नेता मागतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यातले वेगळेपण सांगायला नको.

संस्थेने काम काय केले? जपानी भाषेचे वर्ग चालवले, शब्दकोश काढले. तंत्रज्ञानाची पुस्तके थाई भाषेत छापली. कारखान्यांतली मोजमापाची उपकरणे तपासून बिनचूक करून द्यायची प्रयोगशाळा उघडली. गुणवत्ता नियंत्रण म्हणजे काय, यावर छोट्या कारखानदारांसाठी शिबिरे घेतली. दिसायला सगळी कोरडी कामे. यात पुतळा नाही, मिरवणूक नाही. पण या कामांतून फी येत गेली, फीमधून संस्था आपल्या पायावर उभी राहिली, आणि २००७ मध्ये तिने बँकॉकमध्ये स्वतःची उच्चशिक्षण संस्था सुरू केली: 'थाई-निची इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी'. अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान, व्यवस्थापन असे विभाग आहेत आणि जपानी भाषा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. १९७३ ते २००७ म्हणजे चौतीस वर्षे लागली, हेही नोंदवून ठेवू.

इंडोनेशियात पर्सादाच्या लोकांनी हे जरा आधी केले. त्यांनी 'यायासान मेलाती साकुरा' नावाचा ट्रस्ट काढला. मेलाती म्हणजे आपला मोगरा, इंडोनेशियाचे फूल, आणि साकुरा जपानचे. या ट्रस्टने ६ जुलै १९८६ रोजी जकार्तात 'दर्मा पर्सादा विद्यापीठ' स्थापन केले. 'दर्मा' हा शब्द आपल्या 'धर्म' शब्दाचाच भाऊ, अर्थ कर्तव्य किंवा सेवा. जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशात, जपानमध्ये शिकलेल्या लोकांनी काढलेल्या विद्यापीठाच्या नावात संस्कृतातून आलेला शब्द आहे आणि तिथे कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. आपल्याकडे नावांवरून जी भांडणे होतात ती पाहता हे मुद्दाम सांगितले. विद्यापीठात जपानी भाषा आणि साहित्य तर आहेच, शिवाय अभियांत्रिकी, अर्थशास्त्र आणि जहाजबांधणीही शिकवतात. हजारो बेटांच्या देशाला जहाजे बांधणारे लागणारच.

दहा देशांची एक मोट

या वेगवेगळ्या देशांतल्या संघांची मोट बांधली गेली ती १९७७ मध्ये. ताकेओ फुकुदा या जपानी नेत्याने १९७४ पासूनच दक्षिणपूर्व आशियातल्या माजी विद्यार्थ्यांना जपानला बोलावून त्यांचे मेळावे घ्यायला सुरुवात केली होती. तनाकांच्या दौऱ्यातली आग त्यांनी पाहिली होती. त्यातूनच इंडोनेशिया, मलेशिया, फिलिपीन्स, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांच्या संघांनी मिळून 'आस्कोजा' म्हणजे 'आसियान कौन्सिल ऑफ जपान अलुमनी' स्थापन केली. त्यात पुढे होते फिलिपीन्सचे लिओकादिओ द आसिस, म्हणजे १९४३ च्या त्याच युद्धकाळातल्या विद्यार्थ्यांपैकी एक. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंतप्रधान झालेले फुकुदा मनिलात म्हणाले की जपान लष्करी ताकद होणार नाही आणि या देशांशी मनापासून विश्वासाचे, बरोबरीचे नाते ठेवील.

पुढे ब्रुनेई, व्हिएतनाम, म्यानमार, कंबोडिया आणि लाओसचे संघही सामील झाले. आस्कोजाची परिषद आळीपाळीने वेगवेगळ्या देशांत भरते. २००० मध्ये टोकियोत 'आस्जा इंटरनॅशनल' ही जोडसंस्था निघाली. तिचे मुख्य काम शिष्यवृत्ती. यातली खुबी अशी की विद्यार्थ्यांची शिफारस त्या त्या देशातला माजी विद्यार्थी संघ करतो. म्हणजे जो स्वतः त्या वाटेने गेला आहे, तोच पुढच्या मुलाला जोखतो. मार्कांच्या पलीकडे हा मुलगा किंवा मुलगी परदेशात एकटी राहील का, भाषा शिकेल का, परत येऊन काही करील का, हे ओळखायला दूतावासातल्या अधिकाऱ्यापेक्षा असा माणूस अधिक लायक असतो.

बाकी वर्षभराची कामे साधी आहेत. निघणाऱ्या मुलांना माहिती देणे, भाषेचे वर्ग, वक्तृत्व स्पर्धा, विद्यापीठांच्या माहितीची प्रदर्शने, परतलेल्यांना नोकरीसाठी ओळखी. त्यावर जास्त लिहीत नाही.

जपानने हे सगळे सवाबासाठी केले असे आम्हाला वाटत नाही. थायलंडमध्ये आज जपानी कंपन्यांचे मोठमोठे कारखाने आहेत, त्यांना जपानी समजणारे इंजिनिअर तयार मिळतात. जपानमध्ये मुले कमी जन्मतात, विद्यापीठांच्या जागा रिकाम्या राहतात, कामाला माणसे हवीत. १९८३ मध्ये जपानने एक लाख परदेशी विद्यार्थ्यांचे लक्ष्य ठेवले, ते २००३ मध्ये गाठले. २००८ मध्ये तीन लाखांचे ठेवले, तेही २०१९ मध्ये गाठले. आता २०३३ पर्यंत चार लाख म्हणतात. गरज त्यांचीही आहे. पण समोरच्याची गरज ओळखून आपल्या अटीवर सौदा करणे यात कमीपणा नाही. थाई लोकांनी तेच केले.

भाषेचा मुद्दा, आणि हैदराबादची एक जुनी आठवण

या सर्व संघांच्या कामात भाषेचे वर्ग एवढे मध्यभागी का, असे कोणी विचारील. कारण जपानमध्ये पदवीचे बहुतेक शिक्षण जपानीतूनच होते. डॉक्टरी, इंजिनिअरिंग, कायदा, सगळे. इंग्रजीतून शिकवणारे अभ्यासक्रम अलीकडे वाढले, ओइता प्रांतात बेप्पू येथे २००० मध्ये उघडलेल्या रित्सुमेइकान आशिया पॅसिफिक विद्यापीठात तर जपानी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमे आहेत. पण मूळ रीत मातृभाषेची.

हे पाहायला आपल्याकडून शंभर वर्षांपूर्वी एक माणूस गेला होता. सर सय्यद अहमद खान यांचे नातू सर रॉस मसूद तेव्हा हैदराबाद संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले होते, आणि मातृभाषेतून विज्ञान शिकवता येते का, हा वाद पेटला होता. मसूद १९२२ मध्ये जपानला गेले, तिथल्या शाळा-कॉलेजांची पाहणी केली आणि १९२३ मध्ये जपानच्या शिक्षणपद्धतीवर त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. म्हणजे औरंगाबाद, नांदेड, परभणीच्या शाळांत कोणत्या भाषेत शिकवायचे या चर्चेत जपानचा दाखला तेव्हाच येऊन गेला आहे. सेमी-इंग्लिशच्या आजच्या धामधुमीत ते कोणाला आठवत नाही, ही वेगळी गोष्ट.

नमाज, जेवण आणि दफनभूमी

मुस्लिम पालक विचारतात ते प्रश्न ठरलेले असतात. जेवणाचे काय? नमाजचे काय? याची उत्तरे सरकारी माहितीपत्रकात फारशी नसतात. ती आधी गेलेल्यांकडून मिळतात.

जपानमधली सर्वांत जुनी मशीद कोबे शहरात, १९३५ ची, आणि ती बांधण्यात हिंदुस्तानी मुस्लिम व्यापाऱ्यांचा मोठा वाटा होता. पण अलीकडच्या पंचवीस-तीस वर्षांत ज्या मशिदी झाल्या त्यांतल्या कित्येक विद्यापीठांच्या आसऱ्याने झाल्या. फुकुओकाची मशीद २००९ मध्ये उघडली, त्यासाठी क्युशू विद्यापीठातल्या मुस्लिम विद्यार्थ्यांच्या संघटनेने चंदा जमवला होता. सेंदाई, त्सुकुबा, बेप्पू, सगळीकडे विद्यार्थी आणि संशोधक मंडळी पुढे होती. शिकून निघून जाणाऱ्या मुलांनी, स्वतः तिथे कायम राहणार नाही हे माहीत असताना, पुढच्या बॅचसाठी मशीद बांधली. मोठ्या विद्यापीठांच्या कँटीनमध्ये हलाल पदार्थ मिळू लागले तेही मुलांनी मागणी लावून धरल्यामुळे.

सगळे सुरळीत आहे असे मात्र नाही. दफनभूमीचा प्रश्न अवघड आहे. ओइता प्रांतातल्या हिजी गावात मुस्लिम कब्रस्तानाच्या जागेवरून स्थानिक लोकांचा विरोध आणि वाद अनेक वर्षे चालला. पाणी दूषित होईल ही गावकऱ्यांची भीती. क्योतोच्या देवळाने १९ वर्षांच्या सय्यद ओमरला आपल्या आवारात जागा दिली, त्या देशात आज तिथेच स्थायिक झालेल्या मुसलमानांना कबरीसाठी दूरदूर जावे लागते.

आपल्याकडून जायचे तर

भारतातही असे संघ आहेत. दिल्लीत जपान सरकारच्या शिष्यवृत्तीवर शिकून आलेल्यांची 'मोसाई' आहे, ती भाषेचे वर्ग चालवते. चेन्नईतली 'एबीके-एओटीएस दोसोकाई' तर नावातच होझुमींच्या वसतिगृहाची आठवण बाळगून आहे, तीही जपानी शिकवते आणि परीक्षा घेते. पुण्यात जपानी भाषा शिकण्याची परंपरा जुनी आहे, तिथे जपानी शिक्षकांची संघटनाही आहे. तरीही भारतातून जपानला जाणारे विद्यार्थी नेपाळच्या तुलनेत फारच कमी, आणि आपल्या बिरादरीतले त्याहून कमी. माहिती नसते हे पहिले कारण. दुसरे म्हणजे एजंट. 'जपानला पाठवतो' म्हणून लाखांनी रुपये मागणारे शहरोशहरी फिरत आहेत.

म्हणून एवढे सांगून ठेवतो. जपान सरकारची शिष्यवृत्ती, जिला 'मेक्स्ट' म्हणतात, तिच्या अर्जाला एक रुपयाही फी नाही. अर्ज दूतावासामार्फत होतो, मुंबईत जपानचे वाणिज्य दूतावास आहे. जाहिरात साधारण उन्हाळ्यात येते. फी माफ, दरमहा खर्चाची रक्कम, येण्याजाण्याचे विमानभाडे मिळते. बारावीनंतर पदवीसाठी निवड झाली तर पहिले वर्ष जपानी भाषेच्या तयारीचे असते, त्याचाही खर्च त्यांचाच. लेखी परीक्षेत गणितावर भर असतो, तेव्हा विज्ञान शाखेच्या मुलांनी अकरावीपासून गणित घट्ट करावे. डिप्लोमासारख्या तांत्रिक शिक्षणासाठी आणि संशोधनासाठी वेगळे गट आहेत. एक गट नोकरीतल्या शिक्षकांसाठीही असतो, प्राथमिक-माध्यमिक शाळेत पाच वर्षे शिकवलेले असावे लागते. वयाची अट पस्तिशीच्या आतली आहे, म्हणजे आमची गाडी स्टेशनातून केव्हाच सुटली. आमच्या स्टाफरूममधल्या दोन तरुण मॅडमना मात्र आम्ही हा कागद दिला आहे, आणि त्यांनी हिरागानाची पहिली ओळ गिरवायला घेतली आहे.